सरकारी कारखाना व मजुरीचें माप

१

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील तेविसावा अध्याय सूत्राध्यक्षाचा आहे. सूत्राध्यक्ष म्हणजे सरकारी सूतशाळेवरील अधिकारी. विधवा, अपंग स्त्रिया, कुमारिका, दंड फेडण्यासाठीं राबणाऱ्या, वृद्ध राजदासी, देवालयाच्या सेवेंतून निवृत्त झालेल्या अशा स्त्रियांकडून त्यानें लोंकर, कापूस, ताग इत्यादिकांचें सूत काढवून घ्यावें; सूत बारीक, जाड कीं मध्यम हें पाहून व किती निघालें हें मोजून मजुरी ठरवावी; सणाच्या दिवशीं काम करवावयाचें तर कांहीं देऊन व मान राखून करवावें, असें तेथें सांगितलें आहे. त्याच अध्यायांत एक लहानसा नियम आहे. एरव्हीं घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रिया भल्या पहाटे सूत देण्यास सूतशाळेंत आल्या, तर तेथील दिवा केवळ सूत तपासण्यापुरताच असावा. त्या उजेडांत अधिकाऱ्यानें बाईचें तोंड न्याहाळलें किंवा कामाखेरीज दुसरी गोष्ट काढली, तर त्याला दंड. मजुरी देण्यास विलंब लावला, तर त्याहून मोठा दंड. उलट, मजुरी घेऊन काम न करणाऱ्या स्त्रीस आंगठ्यावरची क्रूर शिक्षा सांगितली आहे.

या दोन नियमांतून सरकारी कारखान्याचा सगळा प्रश्न उभा राहतो. राजा हाच मालक, राजाचाच अधिकारी माप घेणारा, आणि तंटा उपस्थित झाला तर दाद मागावयाची तीहि राजाकडेच. अशा ठिकाणीं मजुराचें रक्षण कोणीं करावें? कौटिल्याचें उत्तर असें, कीं अधिकाऱ्यावरहि दंडाची टांगती तलवार असावी. पण हें झालें शास्त्र. प्रत्यक्षांत किती सूत्राध्यक्षांनीं विलंबाचा दंड भरला, हें सांगणारा एकहि कागद मौर्यांच्या सूतशाळेंतून आपल्यापर्यंत आलेला नाहीं. आपल्याकडील अठरा कारखान्यांचें दप्तर पुष्कळ आहे. परंतु त्यांत वस्तु किती आली, किती खर्चीं पडली, शिल्लक काय, हेंच प्रामुख्यानें मिळतें. काम करणाऱ्याचा शब्द त्यांत फार क्वचित् ऐकूं येतो.

म्हणून आम्हीं असा एक कारखाना शोधूं लागलों, कीं जो पूर्णपणें राज्याच्या मालकीचा होता, जेथें प्रत्येक मजुराच्या कामाचें माप रोज कागदावर चढत होतें, आणि जेथील मजुरांचा शब्दहि टिकून राहिला आहे. तो आम्हांस हंगेरी देशांत, विजेच्या दिव्यांच्या कारखान्याच्या रूपानें सांपडला. बुलढाण्याजवळील देऊळघाटास बसून डॅन्यूबकांठच्या कारखान्याविषयीं लिहावें, यांत कोणास विसंगति वाटेल. परंतु ज्यास आपल्या दप्तरांतील आंकडे वाचावयाचे आहेत, त्यानें हे आंकडे कसे तयार होतात हें जेथें स्पष्ट दिसतें तेथें जाऊन पाहिलेंच पाहिजे. मग्यार भाषा आम्हांस येत नाहीं. इंग्रजींत उपलब्ध असलेल्या साधनांचाच, विशेषतः मार्क पिट्टवे यांनीं हंगेरींतील कामगारांविषयीं लिहिलेल्या व इ. स. २०१२ त प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा, आम्हांस आधार आहे.

२

बुडापेस्टच्या उत्तरेस ऊयपेश्त, म्हणजे 'नवें पेश्त', नांवाचा भाग आहे. इ. स. १९५० च्या आरंभीं तो बुडापेस्ट शहरांत सामील झाला. तत्पूर्वीं तें स्वतंत्र गांव होतें. तेथें विजेचे दिवे करणारी जी कंपनी भरभराटीस आली, तिची स्थापना इ. स. १८९६ ची. विजेच्या दिव्यांत प्रारंभीं कोळशाची तार वापरीत. ती लवकर झिजे आणि उजेड पिवळट पडे. इ. स. १९०४ त शांडोर युश्त व फेरेन्त्स हानामान या दोघांनीं टंगस्टन धातूच्या तारेचें पेटंट घेतलें, आणि ऊयपेश्तच्या कारखान्यानें ती युक्ति उचलली. टंगस्टन सुमारें ३४२२ अंश उष्णतेपर्यंत वितळत नाहीं. म्हणून त्याची तार पांढरी होईपर्यंत तापवितां येते. या धातूस कोणी टंगस्टन म्हणतात, कोणी वोल्फ्राम. दोन्ही नांवांचे तुकडे जोडून कंपनीनें इ. स. १९०९ त आपल्या मालाची छाप ठरविली, ती 'टंगस्राम'.

लिपोत आश्नेर या चालकाच्या कारकीर्दींत कारखान्याची कीर्ति जगभर पसरली. इ. स. १९२२ त तेथें स्वतंत्र संशोधनशाळा निघाली. तींतील इम्रे ब्रोदी या शास्त्रज्ञानें दिव्यांत क्रिप्टॉन वायु भरण्याची रीत काढली. त्या वायूनें तारेची झीज मंदावते आणि तितक्याच विजेंत उजेड अधिक मिळतो. हा वायु हवेंतून अलग काढण्यासाठीं इ. स. १९३७ त अयका येथें वेगळी शाखा सुरू झाली. इ. स. १९२४ त जगांतील मोठ्या दिवेवाल्यांनीं जिनीव्हा येथें 'फीबस' नांवाचा संघ करून बाजारपेठा वांटून घेतल्या व साध्या दिव्याचें आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवलें. त्या संघांत टंगस्रामहि होती. तेव्हां खासगी मालकीचा काळ निर्मळ होता असें मानण्याचें कारण नाहीं. तेथेंहि माप ठरविणारा एक होता, आणि तें मुकाट्यानें सोसणारा दुसरा.

इ. स. १९४४ त जर्मन सैन्यानें हंगेरी व्यापल्यावर आश्नेर यांस माउथहाउझेनच्या छळछावणींत नेण्यांत आलें. ते जिवंत परतले. ब्रोदी यांचा मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस म्यूलडोर्फच्या छावणींत अंत झाला.

३

इ. स. १९४५ च्या वसंतांत सोव्हिएट सैन्यानें कारखान्यांतील यंत्रें उखडून आगगाडीच्या डब्यांत घालून नेलीं. हंगेरीवर तीस कोटि डॉलरांची खंडणी बसली होती, त्यांपैकीं वीस कोटि रशियास द्यावयाची होती. ऊयपेश्तची लूट मात्र या खंडणीच्या हिशेबापलीकडची, जिंकलेल्या मुलखांतील लूट म्हणून झाली, असेंच तेथील लोकांस वाटलें. रिकाम्या इमारतींत कामगार परत आले. पेंग्यो हें जुनें नाणें इतकें कोसळलें, कीं सकाळची मजुरी संध्याकाळीं निरर्थक होई. पगाराचा कांहीं भाग धान्य, चरबी, बटाटे अशा रूपानें द्यावा लागे. इ. स. १९४६ च्या १ ऑगस्टास फोरिंट हें नवें नाणें सुरू झालें, तेव्हां हा प्रकार थांबला.

याच ओसाड दिवसांत, इ. स. १९४६ च्या ६ फेब्रुवारीस, कारखान्याच्या संशोधनशाळेंतील झोल्तान बाय यांनीं चंद्रावर विद्युल्लहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनि टिपला. अमेरिकेंत हाच प्रयोग त्यापूर्वीं थोडेच दिवस, जानेवारींत, यशस्वी झाला होता. परंतु तेथें साधनांची समृद्धि होती. येथें यंत्रें नेलेली, वीज बेभरंवशाची. दोन वर्षांनीं, इ. स. १९४८ त, बाय यांनीं देश सोडला.

त्याच वर्षाच्या मार्चांत, शंभराहून अधिक माणसें कामास असलेले कारखाने सरकारजमा झाले, इ. स. १९४९ च्या डिसेंबरांत परकीय मालकीच्या व लहान कारखान्यांचीहि तीच गति झाली. या दोन लाटांत हंगेरींतील उद्योग राज्याच्या हातीं गेला, व ऊयपेश्तचा कारखानाहि त्यांतच आला. परदेशांत दिवे विकावयाचे होते म्हणून 'टंगस्राम' ही छाप मात्र तशीच ठेवण्यांत आली. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलें गेलें, कीं देश तुमचा आहे, आतां स्वतःसाठीं राबा.

हें वाक्य केवळ ढोंगाचें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. तें लिहिणाऱ्यांपैकीं अनेकांनीं जुन्या राजवटींत तुरुंग भोगला होता. उद्ध्वस्त कारखाना पुनः उभारणाऱ्या कामगारांतहि तें खरें मानणारे पुष्कळ होते. कारखाना आपला झाला असें ज्यास वाटतें, त्याचा पुढील भ्रमनिरास समजावयाचा तर आधींची श्रद्धाहि लक्षांत घेतली पाहिजे.

४

विजेचा दिवा ही दिसावयास क्षुद्र वस्तु. पण ती तयार होण्यास अनेक हात लागतात. टंगस्टनची भुकटी दाबून, तापवून, ठोकून तिची कांडी करावयाची. ती हिऱ्याच्या छिद्रांतून ओढीत ओढीत केसाहून बारीक तार करावयाची. तार वेटोळून तिचें मळसूत्र करावयाचें. तें दोन धारक तारांत अडकवावयाचें; या तारा कांचेंतून आरपार जातात, म्हणून तापल्यावर कांच जितकी फुगते तितकाच फुगणारा धातु त्यांत वापरावा लागतो, नाहीं तर कांच तडकते. मग फुगा व दांडी एकत्र वितळवून जोडणें, आंतील हवा शोषणें, वायु भरणें, नळी बंद करणें, पितळी टोपी बसविणें, डाग देणें, आणि शेवटीं दिवा पेटवून पाहणें. तार अडकविण्याचें व जोडणीचें काम नजरेचें व नाजूक बोटांचें. तें बहुतांशीं स्त्रियांकडे असे. अर्थशास्त्रांतील सूत काढणाऱ्या स्त्रिया आम्हांस येथें आठवतात. तेथें दिवा सूत तपासण्यासाठीं होता. येथें दिवा हाच तपासण्याचा माल होता.

यांपैकीं बहुतेक कामांस मजुरी नगावर होती. प्रत्येक कामास किती मिनिटें लागावीं हें घड्याळ लावून ठरविलें जाई. तें नेमलेलें माप. माप शंभर टक्के पुरें केलें तर मूळ मजुरी, अधिक केलें तर अधिक, उणें पडलें तर उणी. ही पद्धति कांहीं साम्यवाद्यांनीं शोधून काढलेली नव्हे. भांडवलशाही कारखान्यांत ती पूर्वींपासून होती, आणि कामगारांच्या जुन्या चळवळीनें तिचा धिक्कार केला होता. नवल हें, कीं कामगारांचें म्हणविणाऱ्या राज्यानें तीच सार्वत्रिक केली. पूर्वीं माप अन्यायाचें वाटलें तर कामगारसंघ मालकाशीं भांडे. आतां मालक राज्य, संघहि राज्याचाच, आणि माप ठरविणारा अधिकारीहि राज्याचाच. संघाचें काम कामगाराची बाजू मांडण्याचें न राहतां, माप अधिक कसें पुरें होईल हें पाहण्याचें झालें.

५

इ. स. १९३५ त रशियांतील स्ताखानोव्ह नांवाच्या खाणकामगारानें एका पाळींत १०२ टन कोळसा काढला अशी ख्याति झाली, व त्याच्या नांवानें विक्रमी कामाची चढाओढ सुरू झाली. हंगेरींतहि तीच आली. इ. स. १९४९ च्या २१ डिसेंबरास स्टालिनचा सत्तरावा वाढदिवस. त्यानिमित्त देशभर विशेष पाळ्या झाल्या. ऊयपेश्तच्या कारखान्यांतील इग्नात्स पियोकेर हा रंधायंत्रावरचा कारागीर याच काळांत सर्व देशाला ठाऊक झाला. त्याचें छायाचित्र वर्तमानपत्रांत, त्याचें नांव भाषणांत. तो कुशल कारागीर होता, यांत शंका नाहीं. परंतु विक्रम करणाऱ्यास चांगलें यंत्र, धारदार हत्यार, वेळेवर माल व मदतनीस पुरविले जात; शेजारच्या बांकावरील बाईस यांपैकीं कांहीं मिळत नसे. तिनें मात्र त्या विक्रमाशीं आपलें काम ताडून पाहावयाचें!

मग जें व्हावयाचें तें झालें. शेंकडों कामगार शंभराच्या वर, दीडशांच्या वर माप पुरें करूं लागले, तेव्हां सरकारनें म्हटलें, कीं मापें सैल आहेत. इ. स. १९५० च्या उन्हाळ्यांत देशभर मापें एकदम घट्ट करण्यांत आलीं. काल दीडशें टक्के भरणारा आज शंभरावर आला. काम तेंच, मजुरी घटली. जो अधिक राबला त्यानें आपल्याच शेजाऱ्याचें माप वाढविलें, असा कामगारांनीं त्याचा अर्थ घेतला, आणि तो चुकीचा नव्हता. त्यांतच 'शांतता-कर्ज' म्हणून पगारांतून रकमा कापल्या जात. नांवाला ऐच्छिक, पण नाहीं म्हणणें धोक्याचें. इ. स. १९५१ च्या डिसेंबरांत शिधापत्रिका बंद झाल्या त्या भाव वाढवूनच.

दुसरी अडचण मालाच्या तुटवड्याची. योजनेच्या कागदावर प्रत्येक कारखान्यास काय व केव्हां मिळावयाचें हें लिहिलेलें असे. प्रत्यक्षांत महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यांत कांहीं तरी हटकून कमी पडे. यंत्रें उभीं, कामगार बसून. आणि बसल्या वेळेची भरपाई पुरी नाहीं. महिनाअखेर माल आला, कीं रात्रीचा दिवस करून आंकडा गांठावयाचा. अशा घाईंत केलेल्या मालांत वाईट नगांचें प्रमाण वाढणारच. परंतु वरच्या कचेरीस आंकडा हवा होता, आणि आंकडा पोंचत होता.

६

येथें आपल्या विषयाचें मर्म आहे. हा आंकडा कोण लिहीत होता? कामगार, मुकादम, माप ठरविणारा, व्यवस्थापक, मंत्रालयांतील अधिकारी, या सर्वांचें पोट त्या एका आंकड्यावर होतें. हंगेरींतील कारखान्यांत या सर्वांमध्यें एक न बोललेला करार होत गेला. मुकादमास चांगला कामगार टिकवावयाचा असे, म्हणून तो त्याला सैल मापाचें काम देई. ज्याच्यावर मर्जी नाहीं त्याच्या वांट्यास घट्ट मापाचें. झालेलें काम कांहीं आज लिहावें, कांहीं उद्यांसाठीं राखून ठेवावें. न झालेली तयारी झाली म्हणून दाखवावी. माप घेणारा घड्याळ घेऊन उभा राहिला, कीं हात सावकाश चालवावा. वरून पाहणाऱ्यास कागद निर्दोष दिसे. खालीं मात्र तो कागद म्हणजे तडजोडीचा कौल होता.

या तडजोडीचें सर्वांत निर्भीड वर्णन पुढील पिढींतील मिक्लोश हरास्ती या तरुण लेखकानें केलें. तो बुडापेस्टच्या एका ट्रॅक्टरांच्या कारखान्यांत दोन यंत्रांवर नगावर मजुरीनें राबला. सुरक्षिततेचे नियम पाळून व ठरविलेल्या वेगानें काम केलें तर पोट भरण्याइतकी मजुरी मिळत नाहीं, म्हणून प्रत्येक कामगारास रोज आपला जीव व मालाचा दर्जा पणास लावूनच माप गांठावें लागतें, असें त्यानें दाखविलें. आणखी एक गोष्ट त्यानें नोंदली, ती आम्हांस फार हृद्य वाटली. कामगार चोरून मिळविलेल्या क्षणांत टाकाऊ धातूचीं किल्ल्या, राखदाण्या, खेळणीं अशीं स्वतःपुरतीं वस्तु करीत. त्यांना मोल नव्हतें, माप नव्हतें; पण त्यांतच त्या माणसांचें कसब व आनंद उतरे. या पुस्तकासाठीं लेखकावर खटला झाला व इ. स. १९७४ त त्याला शिक्षा झाली, ती तहकूब ठेवण्यांत आली. हंगेरींत पुस्तक उघडपणें छापलें गेलें तें इ. स. १९८९ त.

दप्तर वाचणाऱ्याने यावरून काय घ्यावें? आपल्यांत असा एक समज दृढ आहे, कीं बखर खोटें बोलते व हिशेबाचा कागद खरें बोलतो. हा समज मुळांत चांगला आहे. त्यानें आपल्या इतिहासाचें पुष्कळ शुद्धीकरण केलें. परंतु त्याला मर्यादा आहे. हिशेब ज्यास सादर करावयाचा, तोच बक्षीस व शिक्षा देणारा असेल, तर हिशेबहि बखरीइतकाच आर्जवी होतो. कौटिल्यास हें ठाऊक होतें. पाण्यांतील मासा पाणी केव्हां पितो हें जसें कळत नाहीं, तसें अधिकारी सरकारी द्रव्य केव्हां खातो हें कळत नाहीं, असें तो म्हणतो, आणि अपहाराचे चाळीस प्रकार मोजून दाखवितो. आम्हांस त्यांत एवढीच भर घालावीशी वाटते, कीं ऊयपेश्तांत पाणी पिणारे सगळेच होते, आणि बहुतेक तहानेनेंच पीत होते.

म्हणून अशा कागदास एकटा वाचूं नये. उत्पन्नाच्या आंकड्याशेजारीं कच्च्या मालाचा आंकडा ठेवावा. मालाशेजारीं परत आलेल्या वाईट नगांचा. त्याशेजारीं हजेरीपट, दंडाच्या नोंदी, अर्ज व गाऱ्हाणीं. जेथें दोन कागद एकमेकांशीं भांडतात, तेथेंच खरा इतिहास दडलेला असतो.

७

हें भांडण एकदां कागदाबाहेर आलें. इ. स. १९५३ त स्टालिन मरण पावल्यावर इम्रे नाज पंतप्रधान झाले व कांहीं काळ जाच सैल झाला. पण तो पालट टिकला नाहीं. इ. स. १९५६ च्या २३ ऑक्टोबरास बुडापेस्टांत उठाव झाला. दुसऱ्याच दिवशीं, २४ ऑक्टोबरास, दिव्यांच्या या कारखान्यांत कामगारांनीं आपली समिति निवडली. राजधानींतील अशा समित्यांत ती पहिल्यांपैकीं होय. ४ नोव्हेंबरास सोव्हिएट रणगाडे पुनः शिरले व सरकार उलथलें. तरीहि कामगार संपावर राहिले, आणि १४ नोव्हेंबरास बृहद्-बुडापेस्टच्या सर्व कारखान्यांची मध्यवर्ती समिति स्थापन झाली, ती ऊयपेश्तच्या याच कारखान्यांत. लवकरच शांडोर राट्स हा तेविशींतला कारागीर तिचा अध्यक्ष झाला.

त्यांची मागणी काय होती, हें नीट पाहण्याजोगें आहे. कारखाने जुन्या मालकांस परत द्या, असें ते म्हणत नव्हते. उलट, कारखाना समाजाचाच राहो, पण त्याचा कारभार तेथें राबणाऱ्यांनीं निवडलेल्या समितीकडे असो, हें त्यांचें म्हणणें होतें. अनेक कारखान्यांच्या मागण्यांत मापाची पद्धति रद्द करावी, ही एक मागणी ठळक होती. म्हणजे भिंतीवरचें तें वाक्य त्यांनीं अक्षरशः खरें मानलें, आणि तोच त्यांचा अपराध ठरला. ९ डिसेंबरास मध्यवर्ती समिति बेकायदा ठरविण्यांत आली. ११ डिसेंबरास राट्स व त्याचा सहकारी शांडोर बाली यांस पकडलें. त्याच दिवशीं अठ्ठेचाळीस तासांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. राट्स यास जन्मठेप झाली व तो इ. स. १९६३ त सुटला. कारखान्यांतील उरलेल्या समित्या इ. स. १९५७ च्या नोव्हेंबरांत मोडल्या.

कौटिल्याच्या नियमाशीं हें ताडून पाहावें. मजुरी देण्यास विलंब लावणाऱ्या अधिकाऱ्यास दंड, हा नियम करतांना त्यानें कामगार व अधिकारी या दोघांनाहि कायद्याखालीं आणलें. निदान कागदावर तरी आणलें. ऊयपेश्तांत कामगारास दंड होता, कामाची पत्रिका होती, योजनेविरुद्ध गुन्ह्याचा कायदा होता; पण मापच चुकलें तर ज्याच्याविरुद्ध दाद मागावी असा कोणी नव्हता. मालकी बदलली, माप बदललें नाहीं. आणि माप ठरविणारा व त्याविरुद्धची तक्रार ऐकणारा एकच राहिला. त्या स्त्रीपुरुषांनीं समिति निवडली ती त्या रिकाम्या जागीं कोणी तरी बसावें म्हणून.

पुढें कारखाना तीस वर्षें चालला, त्याचे दिवे पश्चिमेकडे विकले गेले. इ. स. १९८९ च्या अखेरीस अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें पंधरा कोटि डॉलरांस अर्ध्याहून किंचित् अधिक हिस्सा घेण्याचा करार केला. थोड्याच वर्षांत कामगारांची संख्या सुमारें निम्म्यावर आली. इ. स. २०१८ त त्या कंपनीनेंहि दिव्यांचा धंदा विकून टाकला, आणि इ. स. २०२२ त टंगस्रामचें दिवाळें निघालें. मालक कोणीहि असो, कामगारास विचारण्याची चाल पडली नाहीं.

८

आतां घराकडे वळूं. आपल्याकडे साम्यवादी राज्य आलें नाहीं. तथापि राज्याच्या मालकीचे कारखाने आले, आणि वऱ्हाडाच्या अगदीं मध्यावर आले. इ. स. १९७४ च्या कायद्यानें देशांतील १०३ आजारी कापडगिरण्या सरकारच्या झाल्या; त्यांत अकोल्याची सावतराम रामप्रसाद मिल होती, अचलपूरची विदर्भ मिल होती. मुंबईंत इ. स. १९८२ च्या १८ जानेवारीस सुरू झालेल्या गिरणीसंपानंतर पुढील वर्षीं आणखी तेरा गिरण्यांचा ताबा सरकारनें घेतला. नागपूरची एम्प्रेस मिल इ. स. १८७७ च्या १ जानेवारीस सुरू झाली होती, ती इ. स. १९८६ त राज्य सरकारकडे आली व इ. स. २००२ त बंद पडली. सरकारजमा झालेल्या गिरण्यांपैकीं बहुतेकांचे भोंगे पुढें थांबले.

हंगेरींतील प्रकार व हा प्रकार एक नव्हे. आपल्याकडे गिरणी सरकारनें घेतली ती कामगारांची रोजी वांचावी म्हणून. येथें संघ होते, न्यायालयें होतीं, वर्तमानपत्रें होतीं. परंतु वरील प्रश्न येथेंहि विचारण्यासारखाच आहे. सांचावर व चात्यांवर काम करणाऱ्याचें माप कोण ठरवीत होता? सरकार मालक झाल्यावर तें बदललें काय? सूत तुटल्याची, कापूस वाईट आल्याची, यंत्र जुनें झाल्याची तक्रार कोठें नोंदली गेली, व तिचें काय झालें? या प्रश्नांचीं उत्तरें ताळेबंदांत सांपडणार नाहींत. तीं सांपडतील हजेरीपटांत, पाळीच्या नोंदवह्यांत, नगाच्या चिठ्ठ्यांत, मुकादमाच्या टांचणांत, संघाच्या अर्जांच्या नकलांत, आणि निवृत्त कामगारांच्या तोंडीं.

आमची विनंति यासाठींच आहे. आपल्यापैकीं अनेकांनीं वाड्यांच्या माळ्यांवरून, देवघरांतील पेट्यांतून, किराणा दुकानांतील पुड्यांतून पोथ्या व कागद सोडविले आहेत. पेशवाईच्या कारखान्यांच्या एका यादीसाठीं आपण पायपीट करतों. पण आपल्याच हयातींत बंद पडलेल्या कारखान्याचा कागद अद्याप जुना झाला नाहीं म्हणून त्याकडे पाहत नाहीं. बंद गिरणीचें दप्तर रद्दीच्या तराजूंत जाण्यास शंभर वर्षें लागत नाहींत. ज्यांच्या परिचयांत गिरणींत राबलेलीं माणसें आहेत, त्यांनीं त्यांच्या ट्रंकेंतील पगाराच्या चिठ्ठ्या पाहाव्या, त्यांचें सांगणें लिहून घ्यावें, व शक्य तर मंडळाच्या संग्रहीं द्यावें.

मौर्यांच्या सूतशाळेंत पहाटे आलेल्या त्या स्त्रियांपैकीं एकीचेंहि नांव आपणांस ठाऊक नाहीं. दिव्याच्या उजेडांत तिचें सूत पाहिलें गेलें, तिचें तोंड पाहावयाचें नव्हतें. नियम तिच्या अब्रूसाठीं होता, आणि तो योग्यच होता. इतिहासकारानें मात्र तो आपल्या दिव्यास लावूं नये. त्यानें सूत पाहावें, आणि तें काढणारीचें तोंडहि पाहावें.